शीर्षासन वर्ज्य

प्रवासवर्णन लिहिणाऱ्यांनी ज्यांच्याकडे पाठ फिरवावी अशी जी असंख्य गावे आपल्या देशात आहेत, त्यांत सुरत जिल्ह्यातील पलसाणा या गावाची गणना करण्यास खुद्द पलसाणेकरांचीही हरकत नसावी. मुंबईहून अहमदाबादेकडे जाणारा 48 क्रमांकाचा आणि हजिऱ्याहून धुळ्याकडे येणारा 53 क्रमांकाचा असे दोन राष्ट्रीय महामार्ग या परिसरात एकमेकांस मिळतात, आणि मालमोटारींच्या त्या अहोरात्र चालणाऱ्या ओघाला वळण दाखविणे एवढेच या गावाचे विधिलिखित असावे, असे चौफुलीवर प्रथमच उभ्या राहिलेल्या मनुष्यास वाटते. एका अंगाला उसाचे फड, दुसऱ्या अंगाला कडोदऱ्याच्या दिशेने पसरत गेलेली, कापड रंगविण्याची व छापण्याची प्रोसेस हाउसे, त्यांची धुरांडी आणि त्यांचा नाकात शिरून बसणारा दर्प, आणि या दोहोंच्या मध्ये तालुक्याच्या कचेऱ्या, असा हा मुलूख आहे. मी तेथे गेलो तो देखावा पाहण्यासाठी नव्हे. माझ्या एका स्नेह्याची भगिनी अनेक वर्षे रुग्णालयात परिचारिका होती आणि आता ती पलसाण्याजवळ योगाचा वर्ग चालविते, असे माझ्या कानी आले होते. रुग्णशय्येच्या उशापासून योगासनाच्या सतरंजीपर्यंतचा तिचा मार्ग तिच्याच तोंडून ऐकावा, हा माझ्या प्रवासाचा हेतू होता.

मोटारीने जाणे सोयीचे होते, तरी मी नंदुरबारला भुसावळ-सुरत मार्गावरची सावकाश चालणारी गाडी धरली, आणि त्याचा मला पश्चात्ताप झाला नाही. नवापूरच्या स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. तेथे उतरून पाय मोकळे करणारा उतारू एका राज्यात चहा घेतो आणि दुसऱ्या राज्यात पेला टाकतो, आणि दोन्हीकडे खानदेशी बोलीच ऐकतो. पुढे सोनगड लागते. ज्या गायकवाडांच्या घराण्याने पुढे बडोद्यास राज्य केले त्याच्या मूळ पुरुषांपैकी पिलाजीरावांनी गुजरातेत पहिले पाऊल रोवले ते याच सोनगडच्या डोंगरी आश्रयाने. व्यारा, मढी, बारडोली अशी स्थानके मागे पडतात आणि गंगाधरा नावाचे एक लहानसे स्थानक येते. पलसाण्यास जाणाऱ्याने तेथे उतरावे. तापीच्या खोऱ्यातून गेलेला हा लोहमार्ग एकोणिसावे शतक सरता सरता घातला गेला, आणि तेव्हापासून आजतागायत खानदेशातला कोरडवाहू शेतकरी, पाऊस फसला की, याच मार्गाने सुरतेच्या आश्रयास येत आला आहे. लिंबायत, उधना, पांडेसरा या वस्त्यांतून आज जी लक्षावधी मराठी माणसे नांदत आहेत त्यांच्यापैकी बहुतेकांची वंशावळ या रुळांवरूनच वाचावी लागेल.

येथे थोडे विषयांतर करण्याची मुभा वाचकांनी मला द्यावी. बारडोली इंग्रजी अमलाखाली होती आणि तिला लागून असलेले पलसाणा बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतात मोडत असे. त्यामुळे शेजारच्या दोन शिवारांत दोन राज्ये होती, दोन जमाबंद्या होत्या आणि दोन प्रकारचे शिक्के होते. 1928 च्या सत्याग्रहाने बारडोलीचे नाव जगभर झाले, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु 1930 साली सरकारी जुलमास कंटाळलेल्या बारडोलीच्या रयतेने जेव्हा हिजरत केली, म्हणजे आपली गावे सोडली, तेव्हा ती गायकवाडी हद्दीतल्या गावांच्या आश्रयास आली, ही गोष्ट आपण सहसा उच्चारीत नाही. इंग्रजी फौजदार हद्दीच्या अलीकडे थांबत असे आणि गायकवाडी वहिवाटदाराच्या अमलातली गावे या परागंदा कुटुंबांना आपल्या शेतांत झोपड्या घालू देत. 1949 साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, 1960 साली गुजरात वेगळे झाले, आणि हद्दीची ती गंमत संपली. मात्र दुसऱ्याच्या दुःखाला आपल्या शिवारात जागा देण्याची सवय या मातीत मुरली असावी, असे मला तेथील मुक्कामात वाटत राहिले.

माझ्या स्नेह्याच्या ज्या भगिनीला भेटण्यासाठी मी आलो होतो, त्या ताईंचे माहेर अमळनेरच्या बाजूचे. खानदेशातल्या एका शासकीय रुग्णालयात त्यांनी परिचर्येचे शिक्षण घेतले, लग्न होऊन सुरतेकडे आल्या, यजमान एका प्रोसेस हाउसात रंगकामाचे मास्तर, आणि स्वतः एका खाजगी रुग्णालयात रात्रपाळीच्या परिचारिका. रात्रपाळी म्हणजे काय, हे ज्याच्या घरी परिचारिका आहे त्यालाच कळते. बेशुद्ध रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळविताना, जड देहाखाली हात घालून त्याला वर सरकविताना, कंबरेचे मणके जे काही सोसतात त्याचा हिशेब कोणत्याच दप्तरात नोंदला जात नाही. त्यांचीही कंबर गेली. मलम झाले, पट्टा झाला, गोळ्या झाल्या. शेवटी वॉर्डातल्या एका वृद्ध डॉक्टरांनी सांगितले म्हणून त्या नाइलाजाने एका योगवर्गास जाऊ लागल्या. नाइलाजाने हा शब्द त्यांचाच आहे. "भाऊ, मला तेव्हा योग म्हणजे टीव्हीवरचं पोट हलवणं वाटायचं," असे त्या हसत म्हणाल्या.

कंबर हळूहळू बरी झाली, परंतु तेवढ्याने कोणी योगशिक्षक होत नाही. खरी कलाटणी मिळाली ती कोविडच्या दुसऱ्या लाटेत. 2021 च्या उन्हाळ्यात सुरतेची रुग्णालये ओसंडून वाहत होती, कृत्रिम श्वसनाची यंत्रे अपुरी पडत होती, आणि ज्या रुग्णांची शुद्ध शाबूत होती त्यांना पालथे झोपवावे, असा वैद्यकीय आदेश होता. उताण्या निजलेल्या मनुष्याच्या फुप्फुसांचा पाठीकडचा भाग हृदयाच्या आणि पोटाच्या भाराखाली दबला जातो. त्याला पालथे केले की तो भाग मोकळा होतो, आणि बोटाला लावलेल्या यंत्रावरचा प्राणवायूचा आकडा कित्येकदा डोळ्यांदेखत वर चढतो. ताई रात्रभर खाटेखाटेशी जाऊन घाबरलेल्या माणसांना पालथे करीत, त्यांचे हात दुमडून कपाळाखाली ठेवीत आणि त्यांच्या कानाशी सांगत की काका, घाई करू नका, श्वास सोडताना मोजा. एका पहाटे त्यांच्या ध्यानात आले की आपण या सर्वांकडून मकरासन करवून घेत आहोत. वर्गात ज्या आसनाला त्या विश्रांतीचे आसन समजून डुलकी काढीत, तेच येथे जीव धरून ठेवीत होते. ज्या रुग्णांनी घाबरून श्वास उथळ केला ते खचत गेले आणि ज्यांना श्वास लांबविणे साधले त्यांतले पुष्कळजण सावरले, असे त्यांना वाटले. या निरीक्षणाला शास्त्राचा दाखला म्हणता येणार नाही आणि ताईही तसा आव आणीत नाहीत. परंतु श्वास शिकविता येतो, आणि तो रुग्णालयात पोहोचण्याच्या आधीच शिकविला पाहिजे, एवढा निश्चय त्या उन्हाळ्यात त्यांच्या मनाने केला.

मग रीतसर शिक्षण झाले. आयुष मंत्रालयाच्या अखत्यारीतील योग प्रमाणन मंडळाच्या परीक्षेस त्या बसल्या. शरीररचना, नाडीपरीक्षा, श्वसनसंस्था हे विषय त्यांच्या हातचेच होते. परंतु पतंजली आणि हठप्रदीपिका यांच्याशी त्यांची झटापट झाली. सासूबाईंनी नाराजी दाखविली. यजमान मात्र रंगाच्या भट्टीशी आयुष्य काढलेला मनुष्य. खोकल्याने बेजार झालेल्या त्या गृहस्थांनी एवढेच म्हटले की शिकून झाल्यावर पहिला विद्यार्थी मी. तो शब्द त्यांनी पाळला.

आता या कथेतली जी गोष्ट मला विलक्षण वाटते तिच्याकडे वळतो. ज्या अमळनेरहून ताई आल्या त्याच अमळनेरला, शंभर वर्षांपूर्वी, जगन्नाथ गणेश गुणे नावाचे एक तरुण अध्यापक खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या संस्थेत शिकवीत होते. जन्म 1883 चा, बडोदे संस्थानातल्या डभोईचा; व्यायामाची दीक्षा बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे राजरत्न माणिकराव यांच्यापाशी झालेली. माणिकराव मल्लविद्येत जसे निष्णात तसेच मोडलेली हाडे बसविण्यातही निष्णात. म्हणजे अखाडा आणि औषधोपचार यांच्यात भिंत असते, हे त्या शिष्याने कधी पाहिलेच नव्हते. 1919 साली नर्मदाकाठच्या मालसर येथे परमहंस माधवदासजींच्या चरणी त्यांनी योगाभ्यास आरंभिला, आणि पुढे तेच स्वामी कुवलयानंद झाले. अमळनेरहून मालसरला जाणाऱ्यास तापीच्या खोऱ्यातला हाच लोहमार्ग सर्वांत सरळ. तेव्हा कुवलयानंदांनीही गंगाधऱ्याचे ते ओकेबोके स्थानक खिडकीतून पाहिले असेल, अशी कल्पना मी केली. तिला पुरावा नाही, परंतु प्रवाशाने इतपत स्वैरता घेतली तर क्षम्य मानावी.

कुवलयानंदांनी पुढे जे केले त्याला मात्र भक्कम पुरावा आहे. उड्डियान आणि नौली या क्रियांच्या वेळी पोटाच्या आत नेमके काय घडते, हे पाहण्यासाठी त्यांनी 1920-21 च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांची मदत घेतली. नौली केली असता मोठ्या आतड्यात दाब उणा होतो आणि म्हणूनच बस्तिक्रियेत पाणी आपोआप वर ओढले जाते, हे त्यांनी पाऱ्याच्या दाबमापकाने मोजून दाखविले, आणि त्या निर्वाताला गुरूंचे नाव देऊन माधवदास निर्वात म्हटले. 1924 साली लोणावळ्यास कैवल्यधाम उभे राहिले आणि त्याच वर्षी योगमीमांसा हे नियतकालिक निघाले, ज्यात आसनांच्या वर्णनाशेजारी रक्तदाबाचे आलेख छापले जात. 1927 साली गांधीजी रक्तदाबाने अंथरुणास खिळले तेव्हा आसनांविषयी त्यांनी पत्रव्यवहार केला तो याच कुवलयानंदांशी. त्याच माधवदासजींचे दुसरे शिष्य मणिभाई देसाई, म्हणजे श्री योगेंद्र, हे तर या दक्षिण गुजरातचेच, देगामचे; त्यांनी 1918 साली मुंबईत वर्सोव्याला दादाभाई नौरोजींच्या बंगल्यात योगसंस्था काढली आणि संसारी मनुष्याला योग शिकविण्याचे, त्या काळी काहीसे बंडखोर वाटणारे, काम आरंभिले. सांगण्याचा मतलब इतकाच की, ज्याला आपण आधुनिक योग म्हणतो त्याचे एक मूळ हिमालयातल्या गुहेत असेल तर दुसरे याच परिसरात, रुग्णालयाच्या अंधाऱ्या क्ष-किरण खोलीत आहे. ताई रुग्णालयातून योगाकडे गेल्या असे म्हणण्यापेक्षा, योग जेथून निघाला होता तेथूनच त्या निघाल्या, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी वर्ग पाहिला. एका गृहसंकुलाच्या तळमजल्यावरचा दिवाणखाना, बाहेर महामार्गाची घरघर. बहुतेक स्त्रिया, त्यांत खानदेशी, गुजराती, एक-दोन ओडिया. पुरुष मोजके, आणि तेही बहुधा पत्नीने पिटाळलेले. काहीजण रात्रपाळी उरकून थेट आले होते, त्यांच्या नखांच्या कडा निळ्या-जांभळ्या रंगल्या होत्या. वर्ग सुरू होण्यापूर्वी ताई दारापाशी एक टेबल मांडून बसतात. टेबलावर रक्तदाबाचे यंत्र आणि एक जाडजूड नोंदवही असते. नोंदवहीत प्रत्येकाचे खाते आहे: वय, रक्तदाब, साखर, झालेल्या शस्त्रक्रिया, बाळंतपणे, डोळ्यांचा काही विकार असल्यास तो, आणि शेवटच्या रकान्यात तांबड्या शाईने शेरा. मी ती वही चाळली. एकीच्या नावापुढे, काचबिंदू, डोके खाली नको. एका गृहस्थापुढे, हर्निया, धनुरासन व भुजंगासन नको. एका तरुण सुनेपुढे, पाचवा महिना, उड्डियान व कपालभाती मुळीच नको. आणि कितीतरी नावांपुढे तेच दोन शब्द, शीर्षासन वर्ज्य. गायकवाडी अमलातल्या एखाद्या चोख कारकुनाने लिहिलेली जमाबंदीच मी वाचीत आहे, असा मला क्षणभर भास झाला.

"शिकवायचं काय ते पुस्तकात असतं, भाऊ," ताई म्हणाल्या, "कुणाला काय शिकवायचं नाही, ते वॉर्डात कळतं."

वर्ग चालू असता त्यांची दृष्टी विद्यार्थ्यांच्या हातापायांवर नव्हती, हे मी टिपले. ती होती ओठांवर, नाकपुड्यांवर, गळ्याच्या खळीवर. कोणाचा श्वास अडकला, कोणाच्या कपाळाला नको तेव्हा घाम फुटला, कोण पाय उचलताना दात आवळतो, हे त्या पाठ वळली असतानाही ओळखतात. एक प्रौढ गृहस्थ ईर्ष्येला पेटून हलासनात पाय जमिनीस टेकविण्याचा अट्टहास करीत होते. ताई काही न बोलता त्यांच्यापाशी गेल्या, मनगट हाती घेतले, नाडी मोजली आणि त्यांना शवासनात निजविले. त्या गृहस्थांनी नंतर तक्रारीच्या सुरात सांगितले की दुसऱ्या एका वर्गात आपल्याला रक्तदाबाची गोळी बंद करण्यास सांगितले होते. त्यावर ताईंचा जो आवाज निघाला तो वॉर्डातल्या मुख्य परिचारिकेचा होता. "गोळी लिहून दिली डॉक्टरांनी, बंद करतील तेही डॉक्टर. इथं फक्त श्वास." साऱ्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता पसरली.

श्वासावर त्यांचा एवढा भर का, हे मी विचारले. त्यांचे उत्तर व्यवहारी होते. यंत्रमागाच्या आणि रंगाच्या कारखान्यांत बारा-बारा तास उभे राहणाऱ्या माणसाचे गुडघे आसनांनी एका दिवसात सुधारणार नाहीत, उसाच्या पडावांतून येणाऱ्या बायांना तर सतरंजी अंथरण्यापुरतीही सवड नसते; परंतु श्वास सर्वांपाशी असतो आणि त्याला भांडवल लागत नाही. येथे मला एक अभ्यास आठवला. 2001 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतील संशोधकांनी असे प्रसिद्ध केले होते की, ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना असो वा योगातला मंत्र, दोहोंच्या पठणाने श्वासाची गती मिनिटाला सहाच्या आसपास येते, आणि त्या गतीला हृदय व रक्तदाब यांचे नियमन अधिक सुरळीत होते. ताईंनी ते ऐकून घेतले, वहीच्या मागच्या पानावर सहा हा आकडा लिहिला, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात घड्याळ लावून तो सर्वांकडून साधून घेतला. ज्ञानाचा इतक्या तातडीने वापर करणारा श्रोता मला एखाद्या व्याख्यानमालेत अजून भेटावयाचा आहे.

त्यांनी परिचर्या सोडलेली नाही, हेही नमूद केले पाहिजे. दुपारी त्या जवळच्या एका लहान दवाखान्यात इंजेक्शने देतात, जखमा बांधतात. वर्ग सुटल्यावर दारात कोणी तरी पायाची भेग किंवा मुलाचा ताप घेऊन उभे असतेच. हे पाहताना मला ऋषिकेशच्या स्वामी शिवानंदांचे स्मरण झाले. तेही मूळचे डॉक्टर कुप्पुस्वामी. मलायातल्या रबरमळ्यांच्या रुग्णालयात दहा वर्षे काढून 1923 साली सारे सोडून परतले, हिंडत हिंडत आपल्या चंद्रभागेच्या काठी एका गावी एका पोस्टमास्तरांच्या घरी स्वयंपाकी म्हणून राहिले, आणि तेथून पुढे 1924 साली ऋषिकेशला पोहोचले. संन्यास घेतला, परंतु औषधाची पेटी त्यांना टाकवली नाही. 1927 साली लक्ष्मणझुल्यापाशी यात्रेकरूंसाठी त्यांनी धर्मार्थ दवाखाना काढलाच. एका मार्गाचा त्याग करून दुसरा धरला, असे या माणसांविषयी चरित्रकार लिहितात. मला ते पटत नाही. त्यांनी आपल्या व्यवसायाची हद्द वाढविली, इतकेच.

सुरत शहरात 2023 च्या जूनमध्ये एकाच वेळी दीड लाखांच्या आसपास लोकांनी योगासने करून जागतिक विक्रम केला, हे मला पलसाण्यात अनेकांनी अभिमानाने सांगितले. त्या अभिमानात मी सहभागी होऊ शकलो नाही. दीड लाख माणसांपैकी काचबिंदू कोणाला, पाचवा महिना कोणाला, हे ध्वनिक्षेपकावरून कसे कळावे? उत्सवाला उत्सवाची जागा आहे, हे मला मान्य आहे. परंतु आरोग्याच्या नावाने जे केले जाते त्याची परीक्षा संख्येने होऊ नये. ती व्हावी त्या तांबड्या शाईच्या रकान्याने, जो दिवाणखान्यातल्या त्या वहीत होता आणि मैदानावर असणे शक्यच नव्हते.

गुजरातेत 2019 पासून राज्याचे योग मंडळ आहे, ते प्रशिक्षक घडविते; महाराष्ट्रातही आरोग्यकेंद्रांतून योगाचे वर्ग भरविण्याचे प्रयत्न चालू आहेत. त्या सर्व मंडळांच्या चालकांना माझी एक विनंती आहे. योगशिक्षकाचे प्रमाणपत्र हाती देण्यापूर्वी उमेदवाराला निदान महिनाभर एखाद्या सार्वजनिक रुग्णालयाच्या वॉर्डात, परिचारिकेच्या हाताखाली, उमेदवारी करावयास लावावी; आणि ज्या परिचारिका स्वखुशीने योगशिक्षणाकडे वळू इच्छितात त्यांना रजा, शुल्कमाफी आणि बढतीत गुण मिळावेत. खर्च फार नाही. आणि वाचकांपैकी कोणी पलसाण्याच्या वाटेने गेलेच, तर पहाटे लवकर जावे; वर्गात प्रवेश सर्वांना आहे, फक्त दारातल्या टेबलावर आधी दंड पुढे करावा लागतो.